रिकामा पाळणा न्यायचा नसतो

माघातला रविवार, सकाळी नऊचा सुमार. हजर: मी, माझे यजमान, मुलगा, सून आणि जिच्यासाठी जमलो ती अडीच वर्षांची नात. गैरहजर, पण फोनवर: मसुऱ्याची धाकटी नणंद. विषय: नातीला पाळण्यातून पलंगावर नेणे.

ऑफिसात वर्षानुवर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहून माझा हात असाच वळला आहे. घरातले हसतात, पण लग्नकार्यात ताम्हन सापडेनासं झालं की माझीच यादी मागायला येतात.

घाईचं कारण असं, की नणंदेच्या सुनेला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नाना डॉक्टर आणि नाना नवस झाल्यावर, आदल्या बुधवारी मुलगा झाला होता. बाराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या रविवारी, बारसं. आणि बारशाला लागणारा पाळणा आमच्या हॉलमध्ये टांगलेला, आत आमची नात.

हा पाळणा माझ्या सासऱ्यांनी फणसाच्या लाकडाचा करवून घेतला. माझे यजमान आणि त्यांची भावंडं, पुढे माझा मुलगा, नणंदेचा मुलगा, सगळ्यांची नावं त्यातच ठेवली गेली. घराला स्लॅब घातला तेव्हा पंख्याच्या हुकांबरोबर पाळण्याच्या कड्यासुद्धा मी आठवणीने बसवून घेतल्या होत्या. तेव्हा मुलाचं लग्नही ठरलं नव्हतं.

सासूबाईंनी पाळण्याचे दोन नियम घालून दिले होते. तो रिकामा हलवायचा नाही आणि रिकामा न्यायचाही नाही, आत निदान नारळ तरी ठेवायचा. आणि आधीचं पोर रडत असताना तो कड्यांवरून उतरवायचा नाही, नाहीतर ते रडणं पुढच्या पोराच्या मागे लागतं. नारळ मी यादीत लिहून टाकला. दुसऱ्या नियमावर माझा विश्वास नाही. पण ज्या बाईने एवढी वर्षं वाट बघितली तिच्यापुढे माझ्या विश्वासाचं काय घेऊन बसायचं? तिने सासूकरवी निरोप दिला होता आणि नणंदेने तो फोनवर सांगितला, “वयनी, चेडवाक रडवन हाडतल्यास तर पाळणो नको. आमी झोळी बांधू.” पोरीला रडवून पाळणा आणणार असाल तर नको, असं म्हणताना ती हसली, पण त्या घरातल्या पहिल्या नातवाचं बारसं झोळीत व्हावं असं तिला वाटत नव्हतं, हे मला कळत होतं.

पलंग तयारच होता, हॉलमध्येच पाळण्याशेजारी. मुलाने तो कसालच्या सुताराकडून करवून घेतला होता: जमिनीपासून वीतभर उंच, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. शेवरीच्या कापसाची गादी कुडाळहून आली. मच्छरदाणी, उशी, खाली पडली तर म्हणून बाजूला जुनी गोधडी. माझ्या यादीत एकही जागा रिकामी नव्हती.

नातीला पलंग फार आवडला. तिने त्यावर उड्या मारल्या, चुरमुरे सांडले, कठड्याला बाहुली बांधली. फक्त झोप सोडून बाकी सगळं केलं. दुपारी डोळे जड झाले की ती सरळ पाळण्याखाली जाऊन हात वर करायची. आत ठेवली की तिचे पाय पुढच्या गजांतून बाहेर यायचे, पण तिला त्याचं काही नव्हतं.

त्यात आमचे यजमान. ती जन्मली तेव्हापासून दुपारी ते खुर्चीत पेपर वाचत बसतात आणि पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असते. पान उलटलं की झोका. त्यांनी लगेच सांगून टाकलं, की पोर अजून लहान आहे, एवढी घाई कशाला. मी विचारलं, दोरी सुटली तर तुमच्या पायाने काय करायचं, ही चिंता आहे ना? ते पेपरमागे गेले.

सोमवारी मी मालवणच्या बाजारातून नवी चादर आणली. तिच्यावर लाल कुर्ल्या, म्हणजे खेकडे, छापलेल्या होत्या. मला वाटलं, कुर्ली म्हटली की हिचा जीव की प्राण. तिने चादर नीट बघितली आणि मला सांगितलं, “आजी, ह्ये आदी शिजव. मगे निजतंय.” चादर घडी करून कपाटात गेली. मंगळवारी सून स्वतः पलंगावर झोपून दाखवू लागली. दिवसभर शाळेत शिकवून आलेली ती खरीच झोपली आणि नात पाळण्याखाली जाऊन उभी राहिली. बुधवारी मुलाने नुसता पाळण्याच्या साखळीला हात लावून बघितला, तर असा सूर लागला की शेजारीण कुंपणाच्या गडग्यावरून डोकावली.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. सुनेने सुचवलं, की हिला बारसं म्हणजे काय ते दाखवूया, म्हणजे कळेल. आमच्याकडे बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात. तिने पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसला, नातीची जुनी कुंची त्याला घातली, आणि बाळ कसं शहाण्यासारखं झोपतं ते दिसावं म्हणून पलंगावर मधोमध ठेवला.

नात आली. कमरेवर हात ठेवून तिने बघितलं.

“बाळ पलंगार निजना नाय,” ती म्हणाली. “पडात तो.”

आणि तिने आजोबांना हुकूम केला, की बाळाला पाळण्यात घाला. आजोबांना एवढंच हवं होतं. त्यांनी वरवंटा दोन्ही हातांनी उचलून पाळण्यात ठेवला. नातीने त्यांच्या अंगठ्याची दोरी सोडवून घेतली, पलंगावर आडवी झाली आणि झोका देऊ लागली. पाळण्यात जागा नव्हती, बाळ निजलं होतं, मग ती दुसरीकडे कुठे झोपणार? थोड्या वेळाने दोरी तिच्या हातातून गळाली.

आम्ही चौघं दारात उभे होतो. मग मला आठवलं, की सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, आमटीचं वाटण व्हायचं आहे आणि वरवंटा झोपला आहे. मिक्सर लावला तर ती उठेल, म्हणून त्या दुपारी आम्ही लोणच्याशी जेवलो. रात्री मिक्सरवरची आमटी झाली. यजमानांनी एक भुरका मारून ताटाकडे नुसतं बघितलं.

शुक्रवार, शनिवार असंच चाललं. ती पलंगावर, वरवंटा पाळण्यात. माझं अर्धं काम झालं होतं आणि उरलेलं अर्धं अवघड झालं होतं. यजमान म्हणाले ते मला आवडलं नाही, पण खरं होतं: पूर्वी ती स्वतःसाठी रडली असती, आता वरवंट्यासाठी रडेल.

रविवारी सकाळी छोटा टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला. मुलगा कड्यांकडे बघत होता, सून माझ्याकडे. नारळ माझ्या हातात होता. तिला गुंगवून दुसऱ्या खोलीत नेता आलं असतं, पण परत आल्यावर वर नुसत्या कड्या दिसल्या असत्या. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सरळ सांगितलं, की मसुऱ्याला एक नवीन बाळ आलंय आणि त्याला निजायला पाळणा नाही.

“मगे खंय निजता तो?”

“आवशीच्या मांडीवर.”

तिने पाळण्याच्या गजांतून हात घालून वरवंट्याची कुंची सारखी केली. बराच वेळ केली.

“न्या,” ती म्हणाली. “पण ह्येका उटवू नको. तसोच न्या.”

म्हणून पाळणा तसाच उतरला. मुलाने आणि यजमानांनी साखळ्या धरल्या, नात मागून बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प करत चालली. रस्ताभर ती आजोबांच्या मांडीवर बसून मागे बघत होती. नारळ माझ्या पिशवीतच राहिला. पाळणा रिकामा जात नव्हता.

मसुऱ्याला बायका जमल्याच होत्या. त्यांनी आपला वरवंटा नटवून ठेवला होता. पाळणा टांगला, नणंदेने आत वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळली.

“वयनी, आमच्याकडे वरवंटो नाय असा वाटला तुमका?”

सगळ्या हसल्या. नात हसली नाही. ती पाळण्याची कड धरून उभी होती. आता वरवंटा काढावा लागणार होता, आणि काढला तर काय होईल ते आम्हाला ठाऊक होतं. नणंदेचा हात पुढे आलेला पाहून तिच्या सुनेने तो मागे सारला. बाळाला घेऊन ती नातीसमोर जमिनीवर बसली.

“बाये, माज्या झिलाक जागा देतंस?”

नातीने बाळाचं तोंड बघितलं, मग त्याची मूठ उघडून बघितली. “ह्यो पडाचो नाय मां?”

“तू धरलंस तर नाय पडाचो.”

तिने आजोबांना हाक मारली आणि वरवंटा उचलायला सांगितलं. बाळ आत ठेवलं, नाव ठेवलं, आणि पहिला झोका तिने दिला. बाळ लगेच रडू लागलं. ते रडणं त्याचं स्वतःचं आहे, मालवणहून आलेलं नाही, असं नणंदेने जमलेल्या प्रत्येक बाईला वेगळं सांगितलं. तिची सून पाळण्याला हात लावून बसली होती. तिला रडण्याचं काहीच वाटत नव्हतं.

आता नात दोन्ही वेळा पलंगावर झोपते. यजमान पेपर वाचताना अजून अधूनमधून अंगठा हलवतात. कड्यांना मी मनी प्लांटची कुंडी टांगली. कुर्ल्यांची चादर आम्ही वापरतो. त्या वेळच्या यादीत एवढी एकच ओळ खोडायची राहिली आहे: वरवंटा स्वयंपाकघरात परत नेणे. तो कुंची घालून, तांदूळ धुवायच्या रोवळीत, पलंगाशेजारी निजला आहे, आणि मी जवळ गेले की उशीवरून एक बोट ओठांवर जातं.