केरसुणीची लाल काडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. आईला नाय, नवऱ्याला तर नायच. दोन बुकं शिकले तेवढ्यावर लिहिते — पोर निजलीय तोवर, दाराकडे बघत बघत.

माझी थोरली बहीण चांगुणा — मी तिला बाय म्हणायची — कळव्याला मिठागराशेजारी दिलेली. घरात नवरा आणि विधवा सासू. मूल होत नव्हतं, म्हणून म्हातारी बायच्या जिवावर उठलेली. एका दुपारी मी गेले तर बाय चुलीपुढे उताणी, डोकं फुटलेलं. म्हातारी म्हणे विहिरीवर गेलेली. मी ओरडणारच होते — पण कपाळ दिसलं. ताजं कुंकू! गोल, नीट. आणि बाजूला केरसुणीची काडी, टोक लाल.

चोर कुंकू लावील का? सवाशीण बोटानं लावते — मग काडी कोण घेईल? जिला कुंकवाला हात लावायचा नाय ती. कोपऱ्यातलं मुसळ धुतलेलं, अजून ओलं. बघा तुम्हीच — जीव घेताना हात कापला नाय, पण कुंकवाला बोट लावायला भ्याली! आणि लावलंन कशाला? सवाशीण कोऱ्या कपाळानं गेली तर हडळ होते म्हणतात — बाय तशी परत येऊ नये म्हणून. म्हणजे म्हातारी मेलेल्या बायला भीत होती — हे मला तिथंच कळलं. आणि तिथंच मी ती काडी ओच्यात लपवली.

सरकारनं फाशी दिली असती, एका झटक्यात. मला ते पुरत नव्हतं.

फौजदारानं विचारलं, "काय दिसलं?" म्हटलं, काय नाय. मग त्यांनी भिक्याला धरला — मिठागरावरचा मजूर, आदल्या दिवशी बायशी भांडलेला. काडी मी लपवलेलीच ठेवली. तो ठाण्याला कोठडीतच तापानं गेला. खून कुणी केला ते सरकारला आजही ठाऊक नाय.

बायच्या जागी मला द्यायचं ठरलं. मी हो म्हटलं — कशासाठी, कळलं ना? रोज सकाळी म्हातारीच्या उशाशी लाल टोकाची काडी.

"कोण ठेवतं गं हे?"

"काय, आत्याबाई? मला तर काय दिसत नाय."

तिचं अन्न तुटलं. मरताना माझा हात धरून म्हणाली, "चांगुणे, सोड आता."

मी म्हटलं, "नाय सोडत."

त्याचं मला वाईट वाटत नाय. अजून नाय.

पण भिक्याची बायको — मोकळ्या कपाळानं आमच्याकडे भात सडायला येते. त्याच मुसळानं. काम झालं की माझ्या पोरीला मांडीवर घेते, खेळवते. काल विचारलंन, "वयनी, तिथं पयल्या तुमीच गेलेल्या ना? कायच दिसलं नाय?"

पोर तिच्या मांडीवर होती.

मी म्हटलं, "नाय."