मामाचा आर्म बॉल

माझा मामा संध्याकाळी घरी आला की दाराजवळच्या स्टुलावर बसतो आणि बूट काढायच्या आधी बराच वेळ नुसता बुटांकडे बघत राहतो.

"ते आपोआप निघायचे नाहीत," मामी म्हणते.

"बघू. आज निघतीलसं वाटतंय."

मामा बस डेपोच्या टायर विभागात कामाला आहे. दिवसभर चाकं उतरवायची, टायर काढायचे, बदलायचे, चाकं पुन्हा चढवायची. डेपोतही सगळे त्याला मामाच म्हणतात, अगदी त्याच्याहून मोठे ड्रायव्हरसुद्धा. त्याच्या पोटाकडे आणि चालण्याकडे बघून सांगता येणार नाही, पण तो डेपोच्या क्रिकेट संघाचा ऑफ स्पिनर आहे. आणि त्या ऑफ स्पिनवर एक घर उभं आहे.

ते असं. डेपोत पाळ्या बदलत्या असतात, पण संघातल्या माणसांना सरावासाठी कायम दिवसपाळी मिळते. मामी हॉस्पिटलात आया आहे, तिला कायमची रात्रपाळी. घरात त्या दोघांखेरीज फक्त मामाचे वडील, तेही अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांची कूस बदलायला, पाणी पाजायला कुणीतरी लागतं. म्हणजे मामा संघातून गेला, तर आठवड्याआड रात्री घरात आजोबा एकटे. मामीने नोकरी सोडली तर औषधं कुठून आणायची? हा हिशोब दोघांनी इतक्यांदा केलाय, की आता तो बोलून दाखवत नाहीत.

आता आर्म बॉलविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर येऊन अडलं. ऑफ स्पिनर पहिल्या बोटाने चेंडूला पीळ देतो. चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. आर्म बॉल टाकताना धाव तीच, हात तसाच फिरतो, फक्त बोट पीळ देत नाही. चेंडू हात जाईल त्या दिशेने सरळ जातो. फलंदाज वळणाऱ्या चेंडूसाठी बॅट आत आणतो आणि चेंडू बॅटच्या बाहेरच्या कडेला चाटून यष्टिरक्षकाकडे. सरळ चेंडू कुणीही टाकेल. आर्म बॉल म्हणायचं, तर त्याच्या आधीचे चेंडू वळलेले असावे लागतात.

दोन वर्षांपूर्वी टायर आणि रिमच्या मध्ये सापडून मामाचं ते पहिलं बोट चेपलं. हाड जुळलं, पण पेर वाकेना. तेव्हापासून मामाचा एकही चेंडू वळला नाही. त्याने हे कुणाला सांगितलं नाही.

पण यष्टिरक्षकापासून काय लपणार? तो डेपोचा इलेक्ट्रिशियन. तोंड कधी बंद नसतं म्हणून त्याला रेडिओ म्हणतात. पूर्वी मामा आर्म बॉल टाकायच्या आधी तळवा पँटला पुसायचा. रेडिओला ती खूण होती. बोट गेल्यावर मामाने पुसणं बंद केलं आणि रेडिओने एका शब्दाने विचारलं नाही. उलट प्रत्येक सरळ चेंडूवर तो ओरडायला लागला, "आई गं, काय वळला! साप आहे का चेंडू?" समोरचे फलंदाज मामाला वर्षानुवर्षं ओळखणारे. ते न वळणाऱ्या चेंडूला वळणारा समजून खेळायचे आणि बाद व्हायचे. दोन वर्षं अशी निघाली.

यंदा नवा मॅनेजर आला, दुसऱ्या शहरातून. तोच कप्तान झाला. त्याने सांगितलं, ज्याला संघात यायचंय त्याने मला एक ओव्हर टाकायची.

मी त्या दिवशी कुंपणाशी उभा होतो. मामाचा पहिला चेंडू सरळ गेला, तसाच सरळ कुंपणाबाहेर आला. दुसराही. रेडिओने "साप, साप" करून पाहिलं.

"कसला साप?" मॅनेजर हसला. "मामा, हा वळतो कधी?"

"वळतो की, साहेब. गरम व्हायला वेळ लागतो."

"इंजिन आहे का?"

"जुनं आहे, साहेब."

सगळे हसले. मामाही हसला. मग पाठ करून चालत गेला आणि त्या बोटाला बांधलेली पट्टी दातांनी सोडवली. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याने डाव्या हाताने ते पेर दाबलं आणि बळेच चेंडूभोवती वाकवलं.

तिसरा चेंडू वळला. असा वळला, की रेडिओच तिकडे नव्हता. सरळ चेंडूची सवय लागलेली, त्यामुळे हातमोजे एकीकडे आणि चेंडू दुसरीकडून मागे गेला. मॅनेजर तर जागेवरच राहिला. रेडिओने मामाच्या उघड्या बोटाकडे पाहिलं. चौथा मॅनेजरच्या पॅडवर आदळला. पाचवा त्याने बॅट आत आणून कसाबसा अडवला. प्रत्येक चेंडूनंतर मामा हात काखेत दाबून परतत होता. जणू थंडी वाजतेय.

सहाव्याच्या आधी त्याने तळवा पँटला पुसला.

मला वाटलं, घाम असेल. पण रेडिओ अर्धं पाऊल बाहेर सरकला. मॅनेजरने बॅट आत आणली, चेंडू सरळ गेला, बारीकसा आवाज झाला आणि झेल रेडिओच्या हातात. तो ओरडला नाही. चेंडू घेऊन चालत मामापर्यंत गेला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

मॅनेजर मनाने मोठा. बॅट काखेत मारून आला. "मामा, तुम्ही संघात. पण ते मधले तीन राहू द्या, त्यांत दम नव्हता. शेवटचा भारी! मला तसेच सहाच्या सहा पाहिजेत."

मामा आणि रेडिओने एकमेकांकडे पाहिलं.

"देतो, साहेब," मामा म्हणाला. "तेच देतो."

मामाला सोडायला त्याच्या घरी गेलो तेव्हा मामी पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. मामा स्टुलावर बसला. बोट वांग्यासारखं सुजलं होतं.

"दिवसपाळी?" मामीने विचारलं.

"दिवसपाळी."

"वर्षभर?"

"सीझनचा पहिला सामना होईपर्यंत तरी. मग त्यालाही कळेल."

आतून आजोबांनी हाक मारली. "आलोच," मामा म्हणाला आणि बुटाच्या नाडीला हात घातला, पण बोट गाठीत शिरेना. मामीने घड्याळाकडे पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि त्याच्या पायाशी बसली. दोन्ही बूट काढून भिंतीशी लावले.

"बघ," मामा डोळे मिटून म्हणाला, "निघाले की नाही आपोआप?"

"गप बसा," मामी म्हणाली. तिची बस चुकली होती.