आवाज नसलेला कॅमेरा

परभणीच्या दुकानात मी माझा पहिला मिररलेस कॅमेरा निवडत होतो. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता. तो कॅमेऱ्यातून बघतच नव्हता. प्रत्येक कॅमेरा कानाशी धरून बटण दाबायचा आणि मान हलवून परत ठेवायचा. याला कॅमेरा घ्यायचाय की रेडिओ, असं मला वाटलं. शेवटी दुकानदाराने एकाचा आवाज बंद करून दिला. त्या माणसाने बटण दाबलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हाच द्या."

"लग्नाचे फोटो काढता का?" मी विचारलं.

"मयताचे. आमच्या बोरी गावाकडं म्हाताऱ्या बाईचा जितेपणी एकटीचा फोटोच नसतो. मोबाइलातबी नातवंडांच्या मागं नुसता पदर दिसतो. मग भिंतीवर लावायला म्हणून, उचलायच्या आधी मला बोलावतेत. डोळे मी नंतर कॉम्प्युटरवर उघडतो. पण जुन्या कॅमेऱ्याचा खट् आवाज झाला की गप झालेल्या लेकी पुन्हा हंबरडा फोडतेत. लय वाईट वाटतं हो."

मीही तसाच, आवाज बंद करून दिलेला कॅमेरा घेतला. घरी आई गहू निवडत बसली होती. तिचा एकटीचा फोटो आमच्याकडेही नव्हता. मी कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि आधी आवाज चालू केला.