विझणारा गीझर आणि बाळाची अंघोळ

काल सकाळी, बदलापूरच्या आमच्या घरात, मी एकटीने गॅस गीझर दुरुस्त केला. हे लिहितानाही हसू येतंय... कारण शेगडीला लायटर लावताना तोंड दुसरीकडे वळवणारी मुलगी आहे मी.

ताई बाळंतपणाला आलीये. बाळ आज तेरा दिवसांचं. दोघांना मालीश करून अंघोळ घालायला चामटोलीहून एक मावशी रोज येतात. त्यांना पाणी भरपूर लागतं, कढत लागतं, आणि बाळाला पायांवर घेतलं की मध्ये थांबलेलं चालत नाही.

परवा नेमकं तेव्हाच पाणी गार झालं. बाळ असं किंचाळलं की ताईच रडायला लागली. मी धावत बाल्कनीत गेले, तर गीझर विझलेला.

आईचा त्याच्यावर आधीपासूनच राग. "काढून टाका तो डबा, मी पातेल्यात तापवते." म्हणजे उकळतं पातेलं स्वयंपाकघरातून अरुंद पॅसेजमधून न्यायचं, रोज चार-पाच फेऱ्या, आणि तेही आईच्या दुखऱ्या गुडघ्यावर... मला ते पातेलं सांडतानाच दिसायला लागलं.

उल्हासनगरच्या एका मेकॅनिकला फोन केला. त्याने न बघताच निकाल दिला, "मॅडम, पुराना हो गया. नया ले लो, मैं लगा दूँगा."

माझे बाबा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर आहेत. मी शाळेत जायच्या आधी त्यांच्या पान्यांच्या पेटीपाशी बसून आकडे शिकले... दहाचा पाना, बाराचा पाना. तेव्हाचं त्यांचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलंय. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालं ते लिहून ठेवायचं.

काल बाबा पहिल्या पाळीला गेलेले. मग मीच सुरुवात केली. खिडक्या उघडल्या, गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. तरी परत एकदा लावला... माझा स्वभाव.

मग सिलिंडर बंद करून गीझरचे दोन्ही सेल बदलले. पेटवून बघितलं, फरक नाही, तसं लिहून ठेवलं. मग परत सगळं बंद करून, पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासली. चिमूटभर रेती निघाली, आणि मला वाटलं, जिंकले!

आमच्या गीझरमध्ये आधी एक छोटी ज्योत पेटते, मग तिच्यावरून मोठा बर्नर पेटतो. आई बाथरूममध्ये नळापाशी, मी बाल्कनीत काचेला डोळा लावून. छोटी ज्योत आली, छान निळी. बर्नर पेटला... आणि आठ सेकंदांत सगळं गप्प.

"पेटला का गं?"

"पेटला!... गेला."

"गेला काय म्हणतेस? घरात तान्हं बाळ आहे, शुभ बोल जरा."

पुन्हा केलं. सात सेकंद. पुन्हा, सहा. मोबाईलमध्ये सगळं लिहीत होते. तेवढ्यात मावशी आल्या, पदर खोचून दारातच उभ्या. "काय गो पोरी, पानी देतेस का मी जाऊ? मना अजून दोन घरं हायत."

आई वैतागली. तिथला नळ बंद करून बाहेर आली आणि बेसिनचा गरम पाण्याचा नळ सोडून हात धुवायला लागली. इकडे गीझर पेटला. दहा सेकंद... तीस... साठ... विझेचना!

मी मोबाईलकडे बघतच राहिले. गीझर तोच, गॅस तोच, पाणी तेच. बदलला होता फक्त नळ.

धावत बाथरूममध्ये गेले. तिथल्या नळाला फडकं बांधलेलं होतं... मीच बांधलेलं. टँकरचं पाणी गढूळ येतं म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक जण नळाला फडकं बांधतात, पण एक पदरी. मी बाळासाठी म्हणून मलमलीच्या चार घड्या करून, वर इलॅस्टिक लावून बांधलं होतं. त्यात आठवडाभराचा गाळ अडकलेला. पाण्याची धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली होती.

आणि पाण्याचा जोर कमी झाला की हा गीझर स्वतःहून विझतो, नाहीतर आतलं पाणी उकळेल. म्हणजे बिचारा आपलं काम अगदी बरोबर करत होता. 

फडकं सोडलं. नळ सोडला. धो धो वाफाळतं पाणी! मी बाथरूममध्येच उड्या मारल्या.

मावशींनी ते चार पदरी फडकं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "अगो, फडका बादलीच्या तोंडाला बांधतात. नळाचा गला कशाला आवळलास?" आणि त्यांनी ते झटकून, धुऊन, एक पदरी करून बादलीला बांधून दाखवलं. दोन मिनिटांत प्रश्न मिटला.

आईने लगेच फोनवर मामीला सांगितलं, "आमच्या हिने गीझर केला, मेकॅनिकला जमलं नाही ते." मी हळूच म्हटलं, आई, फडकं मीच बांधलं होतं. तर रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा मोबाईल दाबून म्हणते, "ते नको सांगूस कुणाला."

म्हणून इथे सांगतेय... सगळं श्रेय घेऊन मला चैन पडली नसती. अर्धं मात्र मी हक्काने घेणार आहे. शोधलं मीच! आणि बाबा, मावशी, तुम्हा दोघांना मनापासून थँक्यू.

कालची अंघोळ पूर्ण झाली, शेवटच्या तांब्यापर्यंत कढत. धुरी घेऊन बाळ झोपलं, त्याच्या शेजारी ताई झोपली, मग आईही कलंडली. घर इतकं शांत होतं... आणि कितीतरी दिवसांनी, काहीही परत तपासायला न उठता, मी नुसती बसून राहिले.