श्वासाच्या जागेतला सॅक्सोफोन

“काका, दुसरा सॅक्सोफोन कोण वाजवतंय? भाईर काढा त्याला आधी!”

काचेपलीकडून आमचा रेकॉर्डिस्ट किरण असा बोंबलला की कृष्णेच्या पलीकडच्या काठावरची म्हैस बिथरली असेल. आत तीनच माणसं. ड्रमवाला, बास गिटारवाला आणि मी. सॅक्सोफोन एकच, माझ्या गळ्यात.

तुम्ही म्हणाल, बँडवाला माणूस, फुगवून सांगणारच. कबूल! माझ्या फुंकीनं एका मांडवाचे सगळे खांब हलले, हे मी शंभर जणांना सांगितलंय. खरे दोनच हलले होते. पण भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही. तीस वर्षं वराती वाजवून मसणवाट्यावरून सायकल मारत घरी आलोय... भुतं असती तर एखाद्यानं तरी सुपारी दिली असती की!

तर जागा — सांगली, मार्केट यार्डाच्या मागं, दुसऱ्या मजल्यावरचा स्टुडिओ. वेळ दुपारी पावणेतीन. काम — माझा जॅझचा अल्बम. आमच्या पलूसमध्ये जॅझ कोण ऐकतं? मी! मोबाइलवर. जन्मभर लोकांच्या लग्नात दुसऱ्यांची गाणी वाजवली, एकदा आपल्या चाली वाजवायच्या होत्या. दोन पीस तिघांचे, तीन चौघांचे. छोट्या ग्रुपमध्ये चूक लपवायला जागा नसते.

बँडमध्ये माझ्या शेजारी कायम आष्ट्याचा शिरपा असायचा, दुसरा सॅक्सोफोन घेऊन. वरातीत सूर तुटला की नाचणारे शिव्या घालतात. म्हणून मी श्वास घेताना सूर तो धरायचा, तो घेताना मी. सव्वीस वर्षं. त्याचा पुढचा दात पडलेला, त्यामुळं त्याच्या सुराआधी बारीक ‘फुस्स’ यायचं.

अल्बमचं ठरलं तेव्हा मी त्याला म्हटलं, “शिरपा, ह्यात एकच सॅक्सोफोन हाय रं. तू ऐकायला ये.”

“बरं,” म्हणाला. त्यानंतर तालमीला फिरकलाच नाही. रुसलाय, म्हटलं रुसू दे. मीही गेलो नाही. आठ महिने... मग गेलो ते त्याच्या मातीलाच.

किरणनं तो टेक ऐकवला. माझ्या श्वासाच्या जागी सूर सलग. आणि त्याच्या आधी... फुस्स.

ड्रमवाल्याच्या हातातली काडी पडली, ती घरंगळत मिरजेला पोचली असेल.

“खोलीचा घुमारा असंल,” किरण म्हणाला.

“घुमाऱ्याचा दात पडलेला असतो व्हय रं?”

त्यानं तो तुकडा मागं घेऊन परत लावला.

पुढच्या चार पीसमध्ये श्वासाच्या जागा मी मुद्दाम लांबवल्या. वाट बघत राहिलो. काही आलं नाही. नुसती बास गिटार चालत राहायची, रिकाम्या रस्त्यावरनं एकटा माणूस जावा तशी. अल्बम आला तेव्हा पुण्याच्या कुणा जाणत्यानं लिहिलं — ‘शांततेचा धाडसी वापर.’ धाडस कसलं... त्याच्यासाठी थांबलो होतो मी.

ते काय होतं, आजही सांगता येत नाही. किरणनं वायरी तपासल्या, माइक बदलून बघितले. उत्तर नाही. मला मात्र वेगळंच उत्तर हवं होतं. म्हणून आष्ट्याला गेलो. शिरपाची बायको शेंगा फोडत बसली होती. तो टेक चालू करून मोबाइल तिच्या कानाला लावला.

“वहिनी, आठ महिने बोलला न्हाई माझ्याशी. आता गेला म्हणायचा का त्याचा राग?”

तिनं तो तुकडा दोनदा ऐकला. मोबाइल परत दिला. पुढची शेंग उचलली.

“राग कसला, भावजी? त्येंला दम लागत हुता. सूर धरवंना. तुमास्नी सांगू नगं म्हनले.”