बैठकीत हंड्या, चुलीपाशी अंधार

देवधर्म करते मी, पण भूतखेत, भानामती असलं कुणी सांगायला लागलं की उठून कामाला लागते. तरी हे सांगणार आहे... कारण राग अजून उतरलेला नाही.

माजलगावहून सिंदफणेच्या काठाकाठानं आलं की आमचं गाव. निजामाचं राज्य. माझ्या थोरल्या दिरांनी नवं माळवदाचं घर बांधलं. पुढं बैठक — रस्त्याकडं खिडक्या, हैदराबादहून आणलेल्या दिव्यांच्या काचेच्या हंड्या. कुणी अंमलदार आला तर दिपून जावा! आणि मागं स्वयंपाकघर, चारी भिंती बंद. दिरांची बायको राहीबाई, म्हणजे माझी थोरली जाऊ, तिनं किती विनवलं — चुलीच्या वर माळवदाला सवणं ठेवा, भोकातून तेवढाच उजेड येईल. दीर म्हणाले, माळवदावर गडीमाणसं फिरतात, वरून घरातल्या बाया दिसतील. झालं! भर दुपारी आम्ही चाचपडत भाकरी थापायच्या. दिवसा चिमणी पेटवली तर घासलेट जळतं म्हणून ओरडा.

एका दुपारी राहीबाईनं गोवरी काढायला कोपऱ्यात हात घातला. तिथं फुरसं होतं. दोन-तीन दिवस तळमळली आणि गेली. दीर म्हणाले, नशीब तिचं. नशीब म्हणे!

वर्ष सरायच्या आत त्यांनी दुसरी केली. सारजा, अगदी पोरसवदा. स्वयंपाकघरात आली त्याच दुपारी ती गोवऱ्या काढायला वाकली... आणि कोपऱ्यात ताटाएवढा उन्हाचा गोल पडला. वर भोक नाही, भेग नाही. त्या उजेडात गोवरीवर फुरसं लख्ख दिसत होतं. मी सारजाला दंडाला धरून मागं ओढलं.

गड्यांनी ते मारलं. दीर माळवदावर चढले, घोंगडी अंथरून आले. गोल तिथंच.

थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी मी डोईवरचा पदर मागं सारला.

"तिनं मागितलं तवा दिलं न्हाई. आता तरी द्या, न्हाईतर हिलाबी खांदा द्यायची वेळ यील."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, सवणं पाडलं. त्यातनं ऊन येतं ते चुलीपाशी पडतं. कोपऱ्यातला गोल पुन्हा कधी दिसला नाही.

गाव म्हणतं, राहीबाईच आली होती. असेल, नसेल... मला अजून उलगडा नाही. पण भोक नसताना त्या उजेडाला येता येत होतं, तर माझ्या जावेनं हात घातला त्या दुपारी कुठं मेला होता?