सहाव्या बास्केटमधली फुलं

गेल्या रविवारी सकाळी मी आणि फिलू हडपसरला आमच्या बागेत डिस्क गोल्फ खेळायला गेलो, आणि पहिल्या फेकीपासूनच माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पायांची सारखी चुळबुळ... एका जागी उभंच राहवेना.

फिलू म्हणजे फिलोमिना, माझी शाळेतली मैत्रीण. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसलो, थ्रोबॉलच्या टीममध्ये एकत्र खेळलो. ख्रिसमसला तिच्या घरचे कुलकुल माझ्याकडे आणि संक्रांतीला माझ्या घरची गूळपोळी तिच्याकडे, हे आम्ही साठी ओलांडली तरी चालूच आहे.

आणि आता ती बंगळूरला मुलाकडे राहायला निघाली होती. कायमची. बुधवारची फ्लाइट.

"बंगळूर काय गं, आता आलं!" असं सगळे म्हणत होते. मीही हसत हसत तेच म्हणत होते. खरं तर मला तिला सांगायचं होतं की हे मला अजिबात सोसत नाहीये... आणि त्यासाठी हीच एक सकाळ उरली होती. मग सामानवाले, नातेवाईक, टेम्पो, सगळी धांदल.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बागेत नऊ ठिकाणी लोखंडी खांब आहेत, प्रत्येकाला वर साखळ्या आणि खाली जाळीची टोपली, म्हणजे बास्केट. लांबून प्लॅस्टिकची चपटी तबकडी फेकायची, साखळ्यांना लागली की छन्नकन वाजून खाली टोपलीत पडते. कमी फेकींत जो सगळं पुरं करेल तो जिंकला.

आयटीतल्या काही मुलामुलींनी परवानगी काढून हे बसवलंय, आणि आम्हा दोघींना हौसेनं शिकवलंही त्यांनीच.

पण बाग सगळ्यांची. त्यामुळे मोठा नियम एकच, समोर कुणी असलं की थांबायचं. 'बाजूला व्हा' म्हणायचं नाही. रविवारी तर खेळणं कमी आणि थांबणंच जास्त... हास्यक्लब, बॅडमिंटन, वाढदिवसाचे फुगे बांधणारं एखादं कुटुंब, फोनवर बोलत गोल गोल फिरणारे कुणीतरी.

दुसऱ्या बास्केटपाशी थांबलो असताना मी म्हटलं, "फिलू, ऐक ना..." तेवढ्यात समोरची वाट मोकळी झाली. "टाक, टाक, नाहीतर परत कुणी येईल!" ती म्हणाली. टाकली. थेट झुडपात गेली.

चौथ्यापाशी पुन्हा धीर केला, तर फिरायला आलेले एक गृहस्थ आमच्यासमोरच येऊन उभे राहिले. हातातल्या तबकड्यांकडे बघत म्हणाले, "घरातली भांडी फेकून झाली वाटतं?" फिलू खळखळून हसली. मला हसू येईना. मी नुसतीच तबकडी या हातातून त्या हातात करत राहिले.

सहावी बास्केट बकुळीखाली आहे. माझी तबकडी काढायला गेले तर आत झेंडू, दुर्वा, एक सुकलेला हार... आणि तेवढ्यात एक आजी कापडी पिशवीतून आणखी फुलं काढत आल्या.

आतली सगळी तगमग त्या बिचाऱ्यांवर निघाली. "अहो, हा निर्माल्यकलश नाहीये! खेळायचं आहे हे!"

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असेल. फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून ठेवतो आम्ही. कचरा नाही टाकत." मग माझ्या मागे बघून म्हणाल्या, "काय हो फिलूताई, ह्या कोण?"

फिलूताई!

"माझी मैत्रीण," फिलू म्हणाली. तिनं आपल्या बॅगेतून एक पिशवी काढली, फुलं हलक्या हातानं त्यात भरली आणि कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात नेऊन टाकली. मला यायला नेहमी उशीर होतो, त्याआधी येऊन ती हे करत असे; आज एकत्र आलो म्हणून राहून गेलं होतं. आजींना 'नका ठेवू' म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. मला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

ती खड्ड्याकडे गेली तशा आजी मला म्हणाल्या, "परवा इथंच बसून रडल्या हो त्या. म्हणाल्या, मी चाललेय पण मैत्रिणीला काहीच वाटत नाहीये, ती नुसती हसते." आणि फुलं आत ठेवून, हात जोडून निघूनही गेल्या.

फिलू परत आली. मी म्हटलं, "जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण मला झोप लागत नाहीये फिलू. तू गेल्यावर मी भांडू कुणाशी?"

तिनं कमरेवर हात ठेवले. "मग हसत काय होतीस मेले?"

"तू हसत होतीस म्हणून!"

मग दोघी गुडघ्यांचा विचार न करता गवतातच बसलो. आणि रडलो. सिस्टरांनी वर्गाबाहेर काढल्यावर रडायचो तसं, नाक पुसत, मध्येच खिदळत.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मागे तरुणांचा एक ग्रुप तबकड्या हातात धरून उभा आहे. आम्ही त्यांच्या अगदी वाटेत होतो आणि ते बिचारे नियमाप्रमाणे थांबले होते. त्यातल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "काकू... ऑल ओके?"

"हो गं. तुम्ही जा पुढे, आम्हाला वेळ आहे," मी म्हटलं. महिनाभरात पहिल्यांदाच मला तसं खरंच वाटत होतं.

उरलेल्या तीन बास्केट तशाच राहिल्या. बुधवारी विमानतळावर मात्र आम्ही अगदी राजरोस रडलो, तिच्या मुलासमोर, सिक्युरिटीवाल्यांसमोर. ते रडू आम्हाला त्या आजींनी मिळवून दिलं, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं... उद्या लवकर जाऊन विचारते.